आजार लवकर ओळखणाऱ्या तपासण्या: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, गुंतागुंतीचे नंतर. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसरीकडे परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. "माले काहीच व्हयेल नई, मंग तपासनी कसाले?"

काही झालेलं नाही तेव्हाच ही तपासणी करायची असते. त्रास होतोय म्हणून डॉक्टरकडे जातो ते निदानासाठी. चाळणी चाचणी असते ती धडधाकट माणसाची. बीपी 170 असलेला माणूस दिवसभर कापूस वेचतो आणि त्याचं डोकंसुद्धा दुखत नाही. साखर वाढलेली वर्षानुवर्षं कळत नाही, आणि कळते तेव्हा डोळ्याच्या पडद्याला किंवा किडनीला धक्का लागलेला असतो. तोंडातला पांढरा चट्टा दुखत नाही, म्हणून तर तो राहून जातो. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर तयार व्हायला संसर्गापासून साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. एवढा मोठा काळ आजार हाताशी असतो, फक्त कोणी बघत नाही.

मात्र प्रत्येक आजाराची अशी चाळणी लावण्यात अर्थ नसतो. आजाराची लपलेली अवस्था लांब हवी, चाचणी सोपी आणि स्वस्त हवी, आणि त्या अवस्थेत उपचार केल्याने खरंच फरक पडायला हवा. म्हणून खालची यादी आखूड आहे. लांबलचक पॅकेजांबद्दल प्रश्न 14 पाहा.

2. कोणत्या वयात नेमकं काय तपासायचं?

सरकारी कार्यक्रमात तिशीपासून सुरुवात होते. बीपी आणि साखर वर्षातून एकदा. तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड 5 वर्षांतून एकदा, वयाच्या 65 पर्यंत. तंबाखू, गुटखा, मिशरी यांपैकी काहीही चालू असेल तर तोंडासाठी 5 वर्षं थांबू नका, दरवर्षी दाखवा. सिकलसेलची (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) तपासणी आयुष्यात एकदाच, राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची. मुलांची अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा आरोग्य पथकाकडून तपासणी होते. त्या दिवशी मूल घरी राहिलं तर पथक पुन्हा कधी येणार ते सेविकेला विचारून ठेवा.

3. हे सगळं कुठे होतं? पैसे किती लागतात?

गावातल्या उपकेंद्रावर, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, बीपी, साखर आणि तोंडाची तपासणी होते. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी (लोक 'सीएचओ' म्हणतात) आणि नर्सबाई असतात. त्याआधी आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का. गुण 4 पेक्षा जास्त आले तर तुम्हाला आधी बोलावतात. इथे एक घोळ नेहमी होतो. गुण कमी आले म्हणजे तपासणी नको, असं काही नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने जायचं आहे, गुणांवर फक्त रांगेतला नंबर ठरतो.

15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत: उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथे केसपेपरचे नियम वेगळे असतात. आधार कार्ड जवळ ठेवा. 14 अंकी आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) असेल तर तो फॉर्मवर लिहून घ्या. नसला म्हणून तपासणी अडत नाही.

4. उपाशीपोटी म्हणजे किती तास? एकादशीचा उपास चालतो का?

किमान 8 तास, आणि त्यात पाण्याशिवाय काही नाही. साबुदाण्याची खिचडी, भगर, केळं, दूध, चहा हे सगळं खाणंच आहे. देवाच्या दृष्टीने उपास झाला तरी रक्ताच्या दृष्टीने झाला नाही. पाणी मात्र प्या, नाहीतर शीर सापडत नाही. सकाळची मिशरी आणि तंबाखूची चिमूट रक्त देईपर्यंत बाजूला ठेवा.

बीपीची गोळी नेहमीच्या वेळेला पाण्याबरोबर घ्यायची. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र उपाशीपोटी घ्यायचं नाही. रक्त द्या, खा, मग घ्या. जेवणानंतरच्या साखरेचे 2 तास पहिल्या घासापासून मोजतात, हात धुतल्यापासून नाही. आणि त्या दिवशी रोजचंच जेवा. रिपोर्ट चांगला यावा म्हणून अर्धी भाकरी खाल्ली, तर तो रिपोर्ट त्या अर्ध्या भाकरीचा.

5. शिबिरात साखर 190 आली, दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये 112. खोटं कोण?

बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात. शिबिरातली तपासणी खाल्ल्यानंतरची, लॅबमधली उपाशीपोटीची, आणि या दोन आकड्यांची तुलना होत नाही. शिवाय बोट टोचून बघायच्या मशीनमध्ये 15 टक्क्यांपर्यंत फरक चालतो असं मानतात. याहून मोठा फरक पडला तर कारणं बहुधा ही:

हात. रावेर-यावलकडे हे हमखास होतं. केळं किंवा आंबा सोललेल्या, गूळ फोडलेल्या बोटाला फळाची साखर चिकटलेली असते. रक्ताचा थेंब तिच्यात मिसळला की मशीन 100 चे 200 सुद्धा दाखवतं. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून ती पूर्ण जात नाही. साबण-पाण्याने हात धुवा, कोरडे करा, पहिला थेंब कापसाने पुसा आणि दुसरा पट्टीला लावा. बोट दाबून पिळू नका.

पट्टी. बहुतेक पट्ट्या 30 अंशांच्या आत ठेवायच्या असतात. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा मोटारसायकलच्या डिकीत राहिलेली डबी कामाची राहत नाही. झाकण उघडं राहिलेली डबीही तशीच.

रक्त. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर बरीच मशीन साखर खरीपेक्षा जास्त दाखवतात.

आता नियम. शिबिरात केव्हाही घेतलेली साखर 140 च्या वर आली तर उपाशीपोटीची तपासणी करायची. उपाशीपोटी 126 किंवा जास्त, जेवणानंतर 2 तासांनी 200 किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी (लाल पेशींना चिकटलेली साखर, म्हणजे मागच्या 2-3 महिन्यांची सरासरी) 6.5 किंवा जास्त म्हणजे मधुमेह. त्रास काही नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून मगच शिक्का मारतात. तुमचे 112 यात बसत नाहीत, पण तुम्ही सुटलातही नाहीत: 100 ते 125 हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा आहे. दरवर्षी तपासा. एचबीएवनसी कोणाचं फसवं येतं, ते प्रश्न 13 मध्ये.

6. घरी बीपी बरा असतो, दवाखान्यातच वाढतो. गोळी चालू करू का?

एका मोजणीवर नाही. वेगवेगळ्या दोन दिवशी 140/90 किंवा जास्त आला तर तो बीपी समजतात. मोजण्याची रीत चुकली तर 10-15 आकडे सहज वाढतात. एसटीतून उतरून थेट खुर्चीत बसू नका, 5 मिनिटं गप्प बसा. त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. लघवी करून या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो, तेव्हा मोठा पट्टा मागा. दोनदा मोजायला सांगा, मध्ये 1-2 मिनिटं सोडून. मोजताना बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड, कारण नर्सबाईच विचारतात, कांद्याला काय भाव मिळाला.

मात्र 180/110 च्या वर आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं, हातपाय लुळा पडणं असेल तर 108 ला फोन करा.

7. तोंडाची तपासणी घरी करता येते का?

येते, आणि महिन्यातून एकदा करावी. आरसा, मोबाइलचा उजेड, स्वच्छ हात. चूळ भरा. ओठ उलटून आत बघा. गाल बोटाने बाहेर ओढून आतली बाजू बघा, विशेष करून जिथे तंबाखूची गोळी ठेवता ती जागा. जीभ बाहेर, मग डावी-उजवी, मग वर उचलून खालचा भाग. शेवटी गाल आणि जबड्याखालचा भाग चाचपा.

न पुसला जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा (हा जास्त धोक्याचा), 2 आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, दुखण्याशिवाय हललेला दात यातलं काहीही दिसलं तर दाखवा. आणखी एक खूण: स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, किंवा शेवभाजीचा पहिला घास घेताच आग होत असेल, तर सुपारी-गुटख्याने गालाची आतली कातडी आखडू लागली आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. टपरीवर तो मिळतो की नाही हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत.

बाया म्हणतात, "मी तंबाखू खात नाही, नुसती मिशरी लावते." मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. फॉर्म भरताना ती सांगा.

केरळातल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांची तोंडं प्रशिक्षित आरोग्य सेवकांनी ठरावीक वर्षांनी नुसती डोळ्यांनी तपासली, आणि त्या लोकांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. महागडं यंत्र काहीच नव्हतं.

8. गरोदर बाईला कोणत्या तपासण्या आवश्यक आहेत?

पहिल्या भेटीतच हिमोग्लोबिन, रक्तगट, बीपी, लघवी, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ-बी आणि सिकलसेल. साखरेसाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि 2 तासांनी रक्त घेतात. 140 किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. ही तपासणी जेवून आलेल्या बाईचीही होते, आणि 24 ते 28 आठवड्यांत ती पुन्हा करतात. अर्ध्या तासात उलटी झाली तर मोजत नाहीत, दुसऱ्या दिवशी परत. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. सिकलसेलचा निकाल वेळेत का हवा, ते प्रश्न 12 मध्ये.

9. पिशवीच्या तोंडाच्या तपासणीत काय करतात? दुखतं का?

दुखत नाही, थोडं ताणल्यासारखं वाटतं. सगळं मिळून 5-10 मिनिटं. नर्सबाई किंवा डॉक्टर एका साधनाने आतली जागा बघतात, गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ द्रावण लावतात आणि 1 मिनिट थांबतात. कॅन्सरच्या आधीच्या पेशी असतील तर तिथे पांढरा डाग उठतो. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. बऱ्याचदा तो साध्या सुजेचाही असतो, म्हणून पुढची तपासणी करतात, आणि गरज असेल तर तेवढाच भाग थंड किंवा गरम उपकरणाने जाळून टाकतात. त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही.

पाळी चालू असताना जाऊ नका. आदले 2 दिवस संबंध नको, आत ठेवायची औषधं नकोत. पाळी कायमची गेल्यावर ही डागाची पद्धत कमी भरवशाची होते, कारण बघायची रेषा आत सरकते. अशा वेळी पॅप (तिथल्या पेशी काढून बघतात) किंवा एचपीव्ही (या कॅन्सरला कारण होणारा विषाणू शोधतात) चाचणी बरी.

एकदा केली की झालं, असं या पद्धतीत नसतं. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने दर 2 वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या गावांत 1,31,746 बायांच्या अभ्यासात डागाची तपासणी एकदाच केली, तर फारसा फरक दिसला नाही, पण एचपीव्ही चाचणी एकदाच करूनही मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तेव्हा एचपीव्ही परवडत असेल तर ती करा. नसेल तर डागाची करा, पण पुढच्या वेळची तारीख चुकवू नका.

10. माझी पिशवी काढली आहे. आता काही तपासायचं राहिलं का?

ऑपरेशनच्या कागदात बघा. पिशवीबरोबर पिशवीचं तोंडही काढलं असेल आणि ऑपरेशन कॅन्सर किंवा त्याआधीच्या बदलासाठी नसेल, तर प्रश्न 9 मधली तपासणी नको. पिशवीचं तोंड शिल्लक ठेवलं असेल तर ती पूर्वीसारखीच चालू. कागद हरवला असेल तर एकदा तपासून घेतलं की डॉक्टरांना लगेच कळतं. स्तन, बीपी, साखर, तोंड (प्रश्न 7 मधलं) यांची तपासणी कशीही राहतेच.

11. स्तनाच्या तपासणीसाठी मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) करायलाच हवी का?

चाळिशीच्या आत साधारणतः नाही. त्या वयात स्तन दाट असतात, फोटो नीट वाचता येत नाही. प्रशिक्षित नर्सने हाताने केलेली तपासणी कमी समजू नका. मुंबईत 1,51,538 बायांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या बायांत तिच्यामुळे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी दिसले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

आई किंवा बहिणीला हा कॅन्सर झाला असेल तर वय न बघता डॉक्टरांशी बोला. आणि "दुखत नाही म्हणून साधी गाठ" हा समज उलटा आहे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

12. सिकलसेल पॉझिटिव्ह आलं. मुलीचं लग्न होणार आहे. आता?

आधी "पॉझिटिव्ह" म्हणजे काय ते समजून घ्या, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. गावात पहिली तपासणी होते ती नळीतल्या द्रावणाची, म्हणजे सोल्युबिलिटी. रक्त टाकल्यावर द्रावण गढूळ झालं की पॉझिटिव्ह. सिकलचं हिमोग्लोबिन रक्तात आहे एवढंच त्यातून कळतं. मुलगी वाहक आहे (दोष एकाच पालकाकडून आलेला) की रुग्ण, ते कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी लॅबची तपासणी. तो दुसरा कागद हातात येईपर्यंत कोणालाही काही सांगू नका, सोयरीक मोडू नका.

वाहक (रिपोर्टवर 'एएस') म्हणजे आजारी नव्हे. ती शेतात राबते, बाळंत होते, म्हातारी होते. औषध लागत नाही. रुग्ण ('एसएस') असेल तर उपचार चालू करायचे: भरपूर पाणी, फॉलिक अ‍ॅसिड, ठरलेल्या लसी, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास हायड्रॉक्सीयुरिया. त्याने वेदनेचे झटके कमी होतात.

लग्नाचा हिशेब असा. एक वाहक आणि दुसरा नॉर्मल असेल तर मूल रुग्ण होत नाही, वाहक होऊ शकतं. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के रुग्ण, 50 टक्के वाहक, 25 टक्के नॉर्मल अशी शक्यता. "पहिलं मूल रुग्ण झालं, आता पुढची तीन चांगली" असा अर्थ कोणी काढू नये. दर वेळी फासा नव्याने पडतो. दोघं वाहक असून लग्न झालंच असेल तर 10 ते 12 आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते. म्हणून बाईचा निकाल पहिल्या दोन महिन्यांत हवा, आणि ती वाहक निघाली तर नवऱ्याचा त्याच आठवड्यात.

फसवे निकाल कुठे येतात: 6 महिन्यांच्या आतल्या बाळाचं सोल्युबिलिटी निगेटिव्ह येऊ शकतं, त्याच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. हिमोग्लोबिन फार खाली असेल तरी तसंच होतं. रक्त चढवलं असेल तर 3 महिने थांबून तपासा, नाहीतर रिपोर्ट रक्तदात्याचा येतो. आणि एक अवघड जागा: एक सिकलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) वाहक. दुसऱ्याचं सोल्युबिलिटी निगेटिव्ह असतं, सगळे निर्धास्त होतात, आणि मूल रुग्ण निघू शकतं. म्हणून एक जण वाहक असेल तर दुसऱ्याची तपासणी एचपीएलसीवरच करा.

भिल्ल, पावरा, कोकणा, मावची समाजांत हा दोष आढळतो, त्यामुळे धडगाव, अक्कलकुवा, नवापूर, साक्री भागात तपासणीवर भर आहे. पण रक्त जात विचारत नाही, इतर समाजांतही वाहक सापडतात. देशपातळीवरची मोहीम 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. तिच्यात मिळालेलं कार्ड जन्माच्या दाखल्यासारखं जपून ठेवा.

13. सिकलसेल असलेल्याला मधुमेह तपासायचा असेल तर?

एचबीएवनसी नको. नेहमीच्या लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, सिकलच्या रुग्णाच्या 10 ते 20. पेशीच टिकत नाही, तर तिला साखर चिकटणार कधी? आकडा खोटा कमी येतो आणि मधुमेह झाकला जातो. अशांची उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर बघा. वाहकाचं एचबीएवनसी बहुतेक वेळा चालतं, पण काही मशीन गडबडतात, म्हणून लॅबवाल्याला आधी सांगा. लोह कमी असलेल्या बाईचं मात्र उलट होतं: आकडा खोटा वाढू शकतो.

14. "60 टेस्ट, 999 रुपये" असलं पॅकेज घ्यावं का?

आमचं मत: नको. हिशेब मांडून बघा. 1000 धडधाकट लोकांत एखादा आजार 10 जणांना आहे. चाचणी 90 टक्के अचूक. ती 10 पैकी 9 पकडेल. पण उरलेल्या 990 पैकी 99 जणांनाही चुकून पॉझिटिव्ह म्हणेल. म्हणजे 108 जण घाबरून धुळ्या-नाशिकला फेऱ्या मारणार आणि आजारी निघणार 9. अशा 60 चाचण्या एकदम केल्या की काहीतरी लाल अक्षरात येणारच.

पॅकेजातली टायफॉइडची विडाल चाचणी चाळणीसाठी बिनकामाची आहे. जुन्या संसर्गाने ती पॉझिटिव्ह येते आणि ताप नसलेल्या माणसाला टायफॉइडची सलाईन लागते. धडधाकट माणसाचे कॅन्सर मार्कर (सीए-125, सीईए) तसेच. बीपी किंवा शुगर आधीपासून असेल तर मात्र लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासण्या, आणि डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासाच. यातली पडद्याची तपासणी पॅकेजात बहुधा नसते. क्रिएटिनिन उन्हाळ्यात शेतातून आल्या आल्या देऊ नका, अंगातलं पाणी कमी असलं की तो वाढलेला दिसतो.

15. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातला जातो. तपासणी आणि गोळ्या सांभाळायच्या कशा?

निघायच्या आधी तपासा, आल्यावर नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या जास्तीत जास्त दिवसांच्या मागा, तुम्ही बाहेर जाताय हे स्पष्ट सांगा. उपचाराच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढा. टीबीचा उपचार चालू असेल तर निक्षय क्रमांक (सरकारी टीबी नोंदणीचा) लिहून घ्या, तो गुजरातच्या सरकारी दवाखान्यातही चालतो आणि गोळ्या तिथेच मिळतात. घरात टीबीचा रुग्ण असेल तर निघण्याआधी सगळ्या घराची तपासणी करून घ्या, टीबी नसलेल्यांना प्रतिबंधक गोळ्या देतात. होळीला गावी आलात की राहिलेली तपासणी त्याच आठवड्यात उरका, होळीआधीचा भोंगऱ्या बाजार आणि होळी झाली की पुन्हा कामाची घाई लागते.

16. गेल्या महिन्यात सगळं नॉर्मल आलं, आता 15 दिवस खोकला आहे. पुन्हा जाऊ का?

जा, लगेच. नॉर्मल रिपोर्ट तपासणीच्या त्या दिवसापुरता आणि त्या आजारापुरता असतो. बीपी-शुगरच्या शिबिरात छाती कोणी तपासलेली नसते. 2 आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी करा. सकाळी चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका हवा, तोंडातली लाळ नको. लाळ दिली की निकाल निगेटिव्ह येतो आणि टीबी घरातच राहतो.